वारू

परवा बारामतीत एका वरातीत नवरदेवाचा घोडा अगदी शेजारून गेला आणि त्याच्या घामाच्या वासानं मला वरकुट्याचं आमचं अंगण आठवलं. तेव्हा सासऱ्यांना अर्धांगवायू होऊन बरेच महिने झाले होते. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत हिंडलेला हा माणूस बाजेवर पडून नुसता बघत राहायचा. तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्या दुपारी ऊस गेलेल्या आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला एक मेंढपाळ आला आणि पाणी पाजायला त्यानं आपला तांबडा घोडा अंगणात आणला. सासऱ्यांचे ओठ हलले. "वा... रू." मला वाटलं, उकडतंय, वारा हवाय. मी पदरानं वारा घालू लागले. त्यांनी नकारार्थी मान हलवली, घोड्याकडं बघितलं आणि पुन्हा म्हणाले, "वारू." मेंढपाळ हसून म्हणाला, "ताई, आबा घोड्याला म्हणत्यात. आमी नर घोड्यालाच वारू म्हणतो, घोडीला न्हाय. वाऱ्यावानी पळतो म्हनून आसंल." त्यानं घोडा बाजेजवळ आणला. घोड्यानं मान खाली घातली, सासऱ्यांनी धड असलेला हात त्याच्या कपाळावर ठेवला आणि तो शब्द ते किती तरी वेळ पुटपुटत राहिले. मेंढपाळानंही दिवस मावळेपर्यंत घोडा तिथंच बांधून ठेवला. त्या शब्दाचं मूळ खरंच वाऱ्यात आहे का, हे मला अजून ठाऊक नाही. सासरे मात्र त्यानंतर हळूहळू बोलायला लागले आणि दिवाळीच्या सुमारास त्यांनी मला "पोरी" म्हणून हाक मारली.