सहादूची बिनधुराची चूल

सहादू ओझरच्या विमान कारखान्यात पत्रा कापायचा. आभाळात उडणाऱ्या वस्तूला पत्रा बेतून देणारा हा माणूस घरच्या चुलीचं काम मात्र वर्षानुवर्षं उद्यावर ढकलत आला.

दर बुद्धपौर्णिमेला त्यांची वस्ती लेण्यांच्या पायथ्याशी जाई. घरोघरची खीर तिथेच शिजे. पुरुष वंदनेला वर चढत आणि सहादूची बायको भिमाबाई तीन दगडांपुढे धूर गिळत, खोकत बसे. उतरून आल्यावर तिचे लाल डोळे पाहून सहादू म्हणे, "पुढच्या पुनवेला बिनधुराची चूल करून देतो. उचलली की चालली."

"हूं," भिमाबाई म्हणे. त्या एका 'हूं'मध्ये होकार, नकार आणि नवऱ्याचा अख्खा पंचनामा मावत असे.

ऐंशी सालच्या थंडीत ती खोकल्यानेच गेली. मग सहादूने चूल केली. डालड्याच्या मोठ्या डब्यात छोटा डबा बसवला, बुडाशी हवेला भोकं पाडली, आतल्या डब्याच्या काठाखाली भोकांची आणखी एक ओळ पाडली. काटक्या वरून पेटवल्या की धूर त्या ओळीपाशीच जळून जाई. पहिल्यांदा पेटवली तेव्हा सहादू सवयीने म्हणाला, "बघ, झाली का नाही?"

"हूं," चूल म्हणाली.

सहादू उकिडवा होता तो मागे बसलाच. आतला डबा जरा सैल राहिला होता, हवा ओढताना पत्रा घुमत होता. एवढं त्याला लगेच कळलं. पण पत्रा डालड्याचा असला तरी ठेका घरातला, भिमाबाईचा होता. पंचाईत अशी, की धम्म घेतला तेव्हाच श्राद्ध, पिंड, भूतखेत सगळं सोडलेलं. आता हे सांगायचं कुणाला? म्हणून तो तिलाच सांगू लागला. रोज संध्याकाळी ओसरीत चूल पेटवायची आणि बोलायचं. फोरमनच्या चहाडीवर हूं, साखरेच्या भावावर हूं. एकदा त्याने हळूच म्हटलं, "चूल वेळेवर केली असती तर खोकला नसता ना झाला?" जाळ चांगला लागला होता. चूल मात्र विझेपर्यंत गप्प राहिली.

पौर्णिमा जवळ आली तशी सून शकू म्हणाली, "मामा, ही डगडगती. पातेलं कलंडलं तर खीर मातीत. दोन रिव्हेट मारा की."

आदल्या दुपारी सहादू हातोडी घेऊन बसला. डबा आवळला की पत्रा घुमणार नाही. हातोडी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"मारल्या का?" शकूने विचारलं.

"नाही. पातेलं मी धरून बसेन."

"अन् वंदना?"

"ती इतकी वर्षं खालीच बसली. तुम्ही जा वर."

तसंच झालं. माणसं लेण्यांकडे चढली. सहादू एका हाताने फडक्यात पातेल्याचा काठ धरून, दुसऱ्या हाताने खीर ढवळत भर उन्हात बसला. कोण कोण वर गेलं, कोणाचा गुडघा दुखतोय, शकू साखर कशी सढळ घालते, सगळं चुलीला सांगत होता. चूल हूं हूं करत होती.

शेजारी झाडाखाली परगावची एक म्हातारी बसली होती. "बाबा, मघापासून कुणाशी बोलताय?"

"आमच्या मंडळीशी."

म्हातारी हसली नाही. तिने चुलीकडे पाहिलं, मग सहादूच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि आपलं अंथरलेलं फडकं आवरून सरकून बसली.

"ऊन लय हाय," ती म्हणाली. "त्यांना तरी सावलीत येऊ द्या."