फडकं बांधलेली झुडपं

माझ्या आत्याला सगळे 'झुडपी' म्हणायचे, आणि त्या हाकेला ती खुशाल ओ द्यायची. समुद्र आणि आमच्या घरांमध्ये वाळूचा एक लांबलचक उंचवटा होता. पुढच्या अंगाला पसरणारे वेल, माथ्यावर वाऱ्याने वाकवलेली, काटेरी, कंबरेएवढी झुडपं. दिसायला अगदीच रया गेलेली, पण वाळू धरून ठेवायची ती हीच. रोपवाटिकेतल्या कामातून सुटली की आत्या तिथेच. नवरा गेल्यावर तिने जीव लावला तो ह्या काट्यांना आणि धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना.

दोघांची लहानपणापासूनची एक खूण होती. ज्या झुडपाने वाळू घट्ट धरलीय, त्याला जुन्या चादरीचं फडकं बांधायचं. फडकं असलं की हात लावायचा नाही.

आमच्या घरांशेजारच्या हॉटेलला समुद्रावर उतरायला पायवाट हवी होती. कामावर मुकादम बाबाच. "ताई, राखायची तेवढी तू बांधून ठेव. बाकीच्यातून वाट काढतो," ते म्हणाले. आत्याने हात ओरबाडून घेत वाटेपुरती जागा सोडून अख्खा माथा बांधून काढला आणि निर्धास्त होऊन दाढ काढायला शहरात गेली.

परत आली तर माथा बोडका. सुजलेल्या गालानेच ती यंत्रवाल्यावर तुटून पडली. "डोळे फुटले होते का? फडकी दिसली नाहीत?"

"दिसली ना मावशी. मुकादमच म्हणाले, फडकी बांधलेली आधी उपटा. ती निघाली की बाकीचं आपोआप येतं. ताईने खुणा करून ठेवल्यात, शोधायला नको."

"माझा भाऊ असं बोलणार नाही," आत्या म्हणाली आणि बाबांकडे वळली.

बाबा चपलेने वाळू उकरत होते. हॉटेलला खोल्यांतून समुद्र दिसायला हवा होता आणि बाबांना तिथे कायमची नोकरी. "झुडपंच तर होती, ताई," एवढंच त्यांना सुचलं. मला माझ्या बापाची शिसारी आली.

वारे सुरू झाले तशी आत्याच्या घरात वाळू यायला लागली. अंथरुणात, पिठात, पाण्याच्या भांड्यात. एका सकाळी बाबा फावडं घेऊन तिच्याकडे निघाले, मागून मीही. दाराच्या कडीला चादरीचं फडकं बांधलेलं होतं.

"ताई, हे काय?"

"खूण करून ठेवलीय," आत्या आतूनच म्हणाली. "आता हे घर उपट. शोधायला नको."