काळी पेटी हलली

त्या हिवाळ्यात माझ्याकडे उत्तरेच्या बर्फातली एक पोस्ट होती. मी नायब सुभेदार, पोस्ट कमांडर. रोज सकाळी सहाला खाली कंपनी हेडक्वार्टरला रेडिओवर रिपोर्ट जायचा. तो द्यायचा नाईक देविदास इंगळे, आमचा ऑपरेटर, चांदूर बाजारचा. "पोस्ट ऑल ओके. ओव्हर." खालून उत्तर यायचं, "रॉजर. आउट." मग चहा. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, तिकडे दिवसभर गोळीबार चालतो. आमचे बहुतेक दिवस बर्फ उपसण्यात, स्टोव्हची काजळी पुसण्यात आणि एकमेकांचं डोकं खाण्यात जायचे.

तेवढ्या उंचीवर शत्रूपेक्षा विरळ हवा जास्त माणसं मारते. म्हणून रिपोर्टच्या आधी मी प्रत्येकाला विचारायचो, डोकं दुखतंय का, झोप लागली का, जेवण जातंय का. शिपाई राठोड वाशीमकडचा, हसरा गडी. दुखतंय म्हटलं तर खाली पाठवतील आणि बाकीचे चिडवतील, ही त्याला धास्ती. एका सकाळी तो म्हणाला, "ठीक है, साब." देविदासने ऑल ओके पाठवलं. दुपारी राठोडला बुटाची नाडी बांधता येईना. संध्याकाळी तो मला ओळखेना. आदल्या दिवसापासून डोकं फुटत होतं, हे शेवटी शेवटी बरळण्यातून कळलं. हेलिकॉप्टर मागितलं. "वेदर क्लोज्ड. वेट. आउट." उजाडायच्या आत तो गेला. मला राठोडचा राग येतो. गेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण अजून येतो.

पोस्टवरून उतरल्यावर त्याची काळी पेटी मी आणि देविदासने भरली. प्रत्येक फौजीची अशी पत्र्याची पेटी असते. झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नंबर, रँक, नाव. पोस्टिंग बदललं की माणूस आणि पेटी सोबत जातात, रिटायर झाल्यावर सोबतच घरी येतात. मालकाशिवाय पेटी एकदाच हलते, तो गेल्यावर. राठोडची तशी हलली.

आता अकोल्याचं सांगतो. मी सुभेदार म्हणून रिटायर झालो आणि मोर्णा नदीकाठी जुन्या शहरातल्या घरी राहायला आलो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आडवा झालो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, शेजारच्या खाटेवरचा माणूस सकाळी होता, दुपारी नव्हता. मी वाचलो. घरी आलो तेव्हा गल्लीने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या म्हणजे लढाई संपली, असं मी समजलो आणि तिथेच फसलो.

गच्चीचा जिना चढताना मधे बसावं लागायचं. वर्तमानपत्रातली तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचो. सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या हातून एक ताट पडलं, तर असा ओरडलो की शेजारी धावत आले. एकदा टीव्हीवर भरल्या वांग्यांचा कार्यक्रम बघता बघता मला रडू फुटलं. वांग्यांचं आणि माझं काही वैर नाही. भेटायला येणारा एक जण म्हणे काढा घ्या, दुसरा म्हणे प्राणायाम करा, तिसरा म्हणे तुमी तर फौजी माणूस, तुमाले काय होते. त्या तिसऱ्याला गल्लीभर पळवावंसं वाटायचं, पण पळवायला माझ्यातच दम नव्हता.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते की मनालाही आजार लागतो, झोप उडाली, चिडचिड वाढली तर दाखवायला या. मी गेलो नाही. गुडघा दाखवायचा तर पँट वर करता येते. मन कसं दाखवायचं?

देविदासची गत माझ्यासारखीच होती. रिटायर झाल्यावर तो अमरावतीला सिक्युरिटी गार्ड होता. तिथून ताप घेऊन गावी आला. मोठ्या भावाने त्याची सेवा केली. मग भाऊही आजारी पडला आणि गेला. देविदासने त्याची चिता लांबून पाहिली. तेव्हापासून तो मला रोज सकाळी फोन करायचा. "साहेब, ऑल ओके." मी म्हणायचो, "इकडंही ऑल ओके." फोन बंद. वर्दीत आयुष्य काढलेली दोन माणसं रोज सकाळी एकमेकांना थापा मारत होती.

एके दिवशी त्याच्या फोनपाठोपाठ त्याच्या बायकोचा, शीलाचा, फोन आला. देविदास संत्र्याच्या बागेत पाण्याच्या मोटारीच्या खोलीत पडून राहतो, डबा तसाच परत येतो, बोलत नाही, असं सगळं तिने सांगितलं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आन् भाऊजी, थे काळी पेटी शेजाऱ्याले देऊन टाकली त्याईनं. म्हटलं बरं झालं, घरात जागा झाली."

मी तिला म्हणालो, "आत्ताच बागेत जाय. त्याच्यापाशी बसून राह्य. मी येईस्तोवर एकटा सोडू नोको." तिने कारण विचारलं. आल्यावर सांगतो म्हणालो.

शेजाऱ्याची गाडी घेतली. सुमन न विचारता आत येऊन बसली. अचलपूरच्या रस्त्याला लागल्यावर मी तिला पेटीचा अर्थ सांगितला: जगायचं असलेला फौजी ती देऊन टाकत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् तुमचं तरी कुठी ऑल ओके हाय? रातभर खाटीवर बसून राह्यता. मले काय आंधळी समजता?" मी गाडीचा वेग वाढवला.

रस्त्यापासून मोटारीची खोली हाकेच्या अंतरावर होती. तेवढंही जमेना. पाठीवर सामान घेऊन बर्फ चढलेला माणूस मी, सपाट वावरात धाप लागून बांधावर बसलो. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. देविदासने लांबून पाहिलं आणि पाणी घेऊन धावत आला. ज्याला वाचवायला आलो, तोच माझी पाठ चोळत होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. शीला मागून आली आणि सुमनपाशी थांबली.

दम परत आल्यावर मी म्हणालो, "रिपोर्ट दे."

"ऑल ओके, साहेब."

"पेटी कुठी हाय?"

त्याने पाणी पुन्हा माझ्यापुढे धरलं.

"मंग माया रिपोर्ट आइक. मी ओके नाई. मले झोप येत नाई. सुमनवर ओरडतो. कारण नसताना रडतो. आता तुया सांग, आन् खरा सांग. जीव द्यायचं मनात येते काय?"

असं थेट विचारू नये असं लोकांना वाटतं. मी विचारलं.

"येते, साहेब. रोज येते." मग म्हणाला, "दादाले म्या मारलं. थो रोग म्याच घरी आणला."

रोग कुणी आणला हे कुणालाच माहीत नाही, एवढंच म्हणालो. आणि म्हणालो, "माया पोस्टवर दुसरा राठोड नोको मले." तेव्हा तो रडला. मीही रडलो, आणि या वेळी कारण होतं.

त्याच दिवशी अमरावतीला मनाच्या डॉक्टरकडे जायचं ठरवलं. देविदास म्हणाला, उद्या पाहू. मी ऑर्डर दिली. रिटायर माणसाच्या ऑर्डरला कुणी विचारत नाही, पण त्याने मानली. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी शीलाला सांगितलं की काही दिवस याला एकटं सोडायचं नाही. गोळ्या दिल्या. वेळेवर झोप, सकाळी थोडं चालणं, घरच्यांसोबत जेवण, आणि मनात येईल ते बोलणं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आणि काका, तुमचं काय?" मी तोंड उघडायच्या आत सुमनने सगळं सांगून टाकलं. मलाही गोळ्या मिळाल्या.

बर्फात चढताना टप्प्याटप्प्याला थांबवतात. घाई करणाऱ्याला परत खाली पाठवतात. हे मी जवानांना वर्षानुवर्षं ओरडून सांगितलं आणि स्वतःवर आलं तेव्हा मलाच झेपेना. अजूनही संताप होतो. एक आठवडा बरा जातो, दुसऱ्यात पुन्हा घसरण. पण सकाळचा रिपोर्ट आता खरा असतो.

"साहेब, आज नॉट ओके."

"रॉजर. जवळ कोण हाय?"

"शीला हाय."

देविदासची पेटी परत आणली. शेजाऱ्याने तिच्यात तूर भरली होती आणि तो पुष्कळ कुरकुरला.

या हिवाळ्यात आम्ही दोघं राठोडच्या गावी गेलो. त्याची पेटी अजून घरात भिंतीशी आहे. अक्षरं पुसट झाली होती. देविदासने पांढरा रंग आणि ब्रश सोबत आणला होता. तो खाली बसून नंबर गिरवू लागला. राठोडची आई माझ्याजवळ येऊन बसली. आधी कधी विचारलं नव्हतं, ते तिने त्या दिवशी विचारलं.

"साहेब, दुखते म्हणून सांगतलं नाई का त्यानं?"

"नाई, माय. ठीक हाय म्हणाला."

"घरीबी तसंच म्हणे," ती म्हणाली.

देविदासचा ब्रश थांबला होता. मग त्याने रँक गिरवली, आणि शेवटी नाव.