उजळ झालं का, अक्का?

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्वदीर्घाचा घोळ होतो. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणी वाचणार नाही, तरी आधीच माफी मागून ठेवते, कारण ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्या अण्णांना साडीची एक निरीसुद्धा वाकडी खपत नसे.

फोटो काढायच्या आधी अण्णा कॅमेऱ्याकडे बघतच नसत. खिडकीच्या उजेडात स्वतःचा तळहात धरायचे, तो कमीजास्त कलता करून न्याहाळायचे आणि मग कॅमेऱ्याच्या चाकावर आकडे लावायचे. चिकपेटच्या एका गल्लीत, साड्यांच्या होलसेल दुकानाच्या माडीवर त्यांचा स्टुडिओ होता. खालच्या शेठजींचा माल वर यायचा. मी साड्या इस्त्री करून प्लास्टिकच्या बाहुलीला नेसवायची, अण्णा फोटो काढायचे आणि ते फोटो बघून गावोगावचे दुकानदार माल मागवायचे. अकरा वर्षं आमचं हेच चाललं होतं.

त्यांच्या चार पिढ्या बंगळूरात गेलेल्या. मराठी बोलायचे, पण मधेच ‘थोडं’ऐवजी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’ऐवजी ‘सरी’ यायचंच. मी निपाणीकडची, चारचौघांत तोंड न उघडणारी. वयानं त्यांच्या मुलीएवढी, तरी पहिल्या दिवसापासून ते मला अक्का म्हणत.

कॅमेऱ्यानं स्वतःच आकडे लावायच्या ऑटो मोडवर त्यांचा राग होता. म्हणायचे, “पांढरी साडी दिसली की तो घाबरून तिला दाबतो. काळी दिसली की तिला उजळत बसतो. दोन्हींची राख करतो बघ. साडी कसली आहे ते माणसानं सांगायचं असतं, अक्का.” एकदा शेठजी म्हणाले, “ऑटोवर टाका की, काम लवकर होईल.” अण्णांनी मान वर न करता उत्तर दिलं, “ऑटोनं तुम्ही स्टेशनला जा. फोटोकडे मी चालत जातो.”

गेल्या वर्षी जुना कॅमेरा बंद पडला आणि शेठजींनी नवा, बिनरोलचा आणून दिला. अण्णांनी तो लगेच मॅन्युअलवर ठेवला, तळहात बघितला, आकडे लावले. तरी पांढऱ्या साड्या मळकट यायला लागल्या. अण्णा चाक फिरवून दुसरा फोटो काढायचे आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरची फोटो दिसणारी काच माझ्यापुढे धरायचे.

“आता उजळ झालं का, अक्का?”

मला दोन्ही फोटो सारखेच दिसायचे. पण मी म्हणायची, “हो अण्णा.” त्यांना नाही म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. शिवाय वाटायचं, आपल्याला काय कळतंय, त्यांना दिसत असेल. ते पुन्हा चाक फिरवायचे. “आता?” “हो, स्वल्प झालं.”

त्यांनाही काहीच फरक दिसत नव्हता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मग एक दिवस शेठजी पांढरी साडी आणि तिचा फोटो घेऊन जिना चढून आले. “अण्णाजी, ये सफेद है कि राख?” अण्णा उठून उभे राहिले आणि म्हणाले, “माफ करा.” अण्णांनी कुणाची माफी मागितलेली मी तोवर ऐकली नव्हती. त्याच दुपारी त्यांनी हुबळीला लेकीला फोन लावला. “येतो बाई तुझ्याकडे. डोळे गेले माझे. अक्काला फरक दिसतो, मला दिसत नाही.”

माझ्या हातात इस्त्री होती. ती तशीच उचलून धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

तरीही तीन दिवस मी गप्प राहिले. मात्र कॅमेऱ्यावर नजर ठेवली. इंग्रजी येत नसलं तरी आकडे मला येतात. चौथ्या दिवशी इस्त्रीकडे बघत म्हटलं, “अण्णा, मी खोटं बोलले.”

“कशाबद्दल?”

“उजळ होत नव्हतं. मलाही फोटो सारखेच दिसायचे.”

“मग हो कशाला म्हणत होतीस?”

“तुम्ही विचारत होता म्हणून.”

त्यांनी कॅमेरा हातात घेतला. मीच पुढे म्हटलं, “आणि तो कोपऱ्यातला आकडा आपोआप बदलतो.”

“तो फिल्म किती उजेड खेचते त्याचा आकडा गं. एकदा रोल घातला की घातला. मधेच कसा बदलेल?”

“बदलतो. चाक फिरवून बघा.”

त्यांनी फिरवलं. आकडा उडी मारून खाली आला. उलटं फिरवलं, वर गेला. “अय्यो!” म्हणून अण्णा खुर्चीत बसलेच. बाकी सगळं मॅन्युअलवर होतं, पण तेवढा एक आकडा ऑटोवर राहिला होता. अण्णा जेवढा उजेड वाढवतील तेवढा तो गुपचूप काढून घ्यायचा. जन्म फिल्मवर गेलेल्या माणसाला ही शंका येणार कुठून?

बरीच खटपट करून त्यांनी तो आकडा एका जागी बसवला. पुढचा फोटो आला तो कापसासारखा पांढरा. चाक फिरवलं तसा फरकही दिसला. “दिसतंय मला, अक्का!” ते ओरडले. मग हसत हसत चष्मा काढून डोळे पुसले. “महिनाभर आंधळं केलंस की गं मला!”

आठ दिवसांत आम्ही सगळ्या साड्यांचे फोटो नव्यानं काढले. मला वाटलं, आता अण्णा राहतील. मी बोलले होते ते त्यासाठीच. पण रविवारी ते कपाटातलं आपलं सामान आवरायला लागले.

“डोळे चांगले आहेत ना, अण्णा?”

“म्हणून तर जातो. आंधळा म्हणून लेकीच्या दारात उभं राहायचं जिवावर आलं होतं. आता नातवंडं नीट बघेन.”

मी बोलले नसते तरी ते गेलेच असते, हे मला कळतं. तरी दुपारी माडीवर ऊन आलं की वाटतं, मी उशिरा बोलले, की बोलायलाच नको होतं? आता फोटो मीच काढते. शेठजींची तक्रार नाही.

अण्णांना सोडायला मी यशवंतपूर स्टेशनवर गेले होते. मेट्रोत बसल्यापासून एकच वाक्य मनात घोळवत होते: जाऊ नका. गाडी लागली. ते खिडकीपाशी बसले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी विचारलं, “पाणी भरून घेतलंय ना, अण्णा?”

“घेतलंय गं,” ते म्हणाले, आणि गाडी हलली.