नकटी गाडी

लग्नात नवरदेवाचे बूट पळवतात, ठीक आहे. बूट दुसरे मिळतात. पण बूट हाती लागले नाहीत म्हणून कोणी गाडीचं नाक पळवतं का हो? आमच्या गाडीचं पळवलं. अन् वरून मलाच म्हणतात, ताई, तुम्ही लई मनावर घेता.

गाडी म्हणजे बाबांची अँबेसेडर. तिच्या बॉनेटच्या टोकावर पंख पसरलेला, वीतभर लांब, चकचकीत गरुड होता. तो गाडीसोबत आलेला नव्हता. बाबांनी ऐन उमेदीत अमरावतीच्या एका दुकानातून हौसेनं आणून बसवला होता. ते दुकान बंद झालं, तसा माल यायचाही बंद झाला. आता तो कुठंच मिळत नाही. मी फिरलेय, म्हणून सांगते.

लग्न अकोल्याला होतं, आत्याच्या नातवाचं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरदेव आपल्या गाडीतून जाणार म्हणून बाबांनी गाडी घासूनपुसून आरसा केली होती. नवरदेवाच्या मित्रांनी हुशारी करून बूट आधीच डिक्कीत कोंडले. मग नवरीकडच्या, जठारपेठेतल्या त्या करवल्यांनी काय करावं? पाना मागून आणला अन् गरुडच काढला! "बूट नाई तं गरुड," म्हणत पैसे मागितले, घासाघीस केली, पाकीट घेतलं. गरुड मागितला तर हिनं तिच्याकडे दिलेला, तिनं मावशीच्या पर्समध्ये ठेवलेला, अन् मावशी परभणीच्या बसमध्ये बसलेली. फोन करून विचारलं, तर मावशीच्या पर्समध्येही तो निघाला नाही. सगळं कार्यालय हसत होतं. "लग्नात असं होतच असते!" होतच असते? तुमच्या घरचा फ्रीज उचलून नेते, मग हसून दाखवा.

बाबा हसले नाहीत. घरी आल्यावर बॉनेटवरच्या भोकांवर फडकं टाकलं आणि म्हणाले, "ह्या नकट्या गाडीत मी नाई बसत." दुसऱ्या कोणाच्या गाडीत तर ते कधीच बसत नव्हते. झालं! दर महिन्याला आत्याकडे जायचे, ते जाणं थांबलं. नातवाच्या सासरच्यांचं नाव निघेल म्हणून आत्याला खरं कोणी सांगितलं नाही. तिचा फोन आला की बाबा सांगत, "गाडी बिघडली, अक्का." ती गुडघ्यांनी घरात अडकलेली, लग्नाच्या कार्यालयातही आली नव्हती, त्यात आजारी पडली. दोघंही ऐंशीच्या पुढचे. मी जीव तोडून सांगायची, बाबा, चला, मी चालवते. ते फडक्याकडे बोट दाखवत. म्हटलं, गरुड आणल्याशिवाय हा माणूस बहिणीचं तोंड बघणार नाही.

अकोल्याचं भंगार धुंडाळलं, बडनेऱ्याची गॅरेजं पालथी घातली. एक दुकानदार माझ्याकडे न बघताच म्हणाला, "साहेबांना पाठवा." कोणते साहेब? गाडी मी चालवते, पंक्चर मी काढून आणते! मग मोबाईलवर बघून एक 'ओरिजिनल' मागवला. डबा उघडला तर प्लास्टिक! जत्रेतली पिपाणी त्याहून जड असेल.

शेवटी देवाच्या पितळी मूर्ती ओतणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, नमुना आणा. घरातले जुने फोटो काढून पाहिले, तर प्रत्येक फोटोत गरुडावर झेंडूचा हार! दसरा असो की लग्न, हाराशिवाय आमच्या गाडीचा फोटोच नाही. मग बाबांनी नांदगाव खंडेश्वरच्या वावरातून काळी माती आणवली आणि पोळ्याचे बैल करतात तसा गरुड करायला बसले. पहिली झाली ती कोंबडी. मी हसले, तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मोडत गेले, करत गेले, अन् एकदाचा गरुड जमला. तो पितळेत ओतला, मुलामा चढवला, बॉनेटवर बसवला. बाबांनी टोपी घातली. "चाल, अक्काकडे."

अकोल्याला दारातच नातसून भेटली. "अय्या, सापडला वाटते! उगाच आमच्या माहेरावर आळ घेत होते सगळे."

सापडला म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आम्ही घाम गाळायचा अन् चोर साव ठरायचे! तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या काठी टेकत ओट्यावर आली. गाडीजवळ नेऊन उभी केली तर तिनं गरुडावरून हात फिरवला. "हा तो नाई. त्याची चोच बारीक होती."

"बघा!" मी म्हटलं, आणि करवल्यांपासून काळ्या मातीपर्यंत सगळं तिला सांगून टाकलं, नातसुनेसमोर, जराही आवाज न दाबता. नातसून खाली बघायला लागली. बरं वाटलं मला. म्हटलं, आता आत्या हिला सोलून काढते.

आत्या वळली ती बाबांकडे.

"म्हंजे गाडी चालू होती?"

"हो, अक्का."

"अन् तू ह्याच्यासाठी आला नाई? मी खाटेवर पडून दाराकडे पाहून राहिली होती. गरुड तं पोरींनं नेला. माहा भाऊ कोनं नेला?"

बाबांनी टोपी काढली आणि तिच्या पायाशी बसले. माझ्या तोंडात अजून कितीतरी शिव्या शिल्लक होत्या, पण त्या कोणाला द्यायच्या तेच मला कळेना.