डाव्या खांद्यावरचा पोपट

आमच्या आबांना लकवा झाला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. गाव शहाद्याहून म्हसावदकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. मी नंदुरबारला ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, त्यामुळे माझं जाणं रविवारी. बाकीचं सगळं दादा आणि वहिनी करत. आंघोळ, जेवण, अंथरूण, रात्रीची उठबस. दोघं पपईच्या वावरात गेले की आबा ओट्यावर खुर्चीत एकटे बसलेले असत.

त्याच सुमारास रस्ता रुंद करायला आमच्या दारापुढचं निंबाचं झाड तोडलं. ढोलीतून पोपटाचं एक पिल्लू खाली पडलं. अंगावर पिसंसुद्धा धड नव्हती. दादाने ते उचललं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ बोटाने भरवून जगवलं, आणि एके दिवशी त्याच्या मनात आलं की याला आबांच्या अंगावर बसायला शिकवावं. म्हणजे आपण वावरात असू तेव्हा त्यांच्याजवळ एक जीव तरी राहील.

पोपट आधी आबांच्या डोक्यावर बसायचा आणि टोपी ओढून खाली टाकायचा. आबांना ते आवडत नसे, ते डोळ्यांनीच चिडत. मग तो उजव्या खांद्यावर बसू लागला. एकदा आंघोळ घालताना वहिनीला त्या खांद्यावर नखांचे ओरखडे दिसले, रक्त सुकून गेलेलं. आबांना त्यातलं काहीच कळलं नव्हतं. तेव्हापासून डावा खांदा ठरला.

दादाची पद्धत साधी होती. आबांच्या डाव्या खांद्यावर पांढऱ्या टॉवेलची घडी ठेवायची, पोपटाच्या पोटाखाली बोट घालून त्याला तिथे टेकवायचं, खांद्यावर दोनदा थाप मारायची, "आठे!", म्हणजे इथे, असं म्हणायचं आणि हिरव्या मिरचीचा तुकडा द्यायचा. डोक्यावर बसला, मिरची नाही. उजव्या खांद्यावर बसला, मिरची नाही. आणि दादाच्या स्वतःच्या अंगावर बसला तर दादा खांदा झटकन खाली सोडायचा. पाखराचा तोल जायचा, ते फडफडत उडायचं. सारखं तेच व्हायचं, कारण वाढवला दादाने, त्यामुळे पोपटाची ओढ त्याच्याकडेच. मी एकदा म्हटलं, "बसू दे की जरा तुझ्यावर."

"मन्हावर बठाले लागना तं वावरमा मन्हा मांगे येई. मंग आबाजोडे कोन बठी?"

मी मोबाईलवर थोडं वाचून गेलो होतो. खांद्यावरचा पोपट कानाला चावू शकतो, त्यापेक्षा मनगटावर बसवणं बरं, असं मी सांगितलं. दादा मिरची तोडता तोडता हसला.

"मोबाईलमा हाईबी सांगेल शे का, आबाले आंघोय कशी घालतस?"

वहिनी घरातून म्हणाली, "अहो, राहू द्या ना. भाऊ एक दिवस तर येतात."

ते टोमणे मला लागत नसत. नववीनंतर दादाने शाळा सोडली म्हणून मी बी. ए., एम. ए. झालो. आमच्या घरात पदवी पहिल्यांदा आली ती त्याच्या पाठीवरून आली. हे मी कधी विसरलो नाही, आजही विसरत नाही. पण आबा विसरले होते का, ते मला सांगता येणार नाही. बोलणं शाबूत होतं तेव्हा ओट्यावर आलेल्या कुणालाही ते सांगत, "मन्हा धाकला प्रोफेसर शे." थोरला काय करतो, हे कुणी विचारलं तरच सांगत. लकव्यानंतर मी रविवारी दिसलो की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, डावा हात वर व्हायचा. दादा रोजच दिसायचा. रोज दिसणाऱ्या माणसाकडे पाहून हात वर होत नाही.

पोपट शिकला. आबा खुर्चीत बसले, टॉवेलची घडी पडली की तो पिंजऱ्याबाहेर येऊन थेट डाव्या खांद्यावर. दादा आणि वहिनी परत येईपर्यंत तिथेच. आबांचा तो गाल त्याच्या पिसांना लागलेला असे.

आबा गेले ते झोपेत गेले. दहाव्याला आम्ही प्रकाशा गावी तापीकाठी होतो. पिंड ठेवला, कावळा येईना. समोरच्या झाडावर दोन-तीन बसलेले होते, खाली उतरेनात. दादा हात जोडून उभा. तो कबूल करत गेला, आत्याला अंतर देणार नाही, बहिणीचं माहेर तोडणार नाही, भावाला वेगळं समजणार नाही. जे आठवलं ते सगळं. ऊन वर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. परतताना गाडीत प्रत्येकाच्या मनात तेच, की आबांची इच्छा कशात राहिली?

तेराव्याच्या दिवशी सासरवाडीची माणसं जावयाला टोपी घालतात, खांद्यावर टॉवेल टाकतात आणि दुःखातून उठवतात, अशी आमच्याकडची रीत. अंगणात मांडव होता. आम्ही दोघे भाऊ शेजारी बसलो. मान थोरल्याचा, म्हणून आधी दादाला टॉवेल. नंतर माझ्या सासऱ्यांनी माझ्याही डाव्या खांद्यावर टाकला. दोन्ही टॉवेल कोरे, पांढरे. पिंजरा ओट्यावर होता आणि त्याचं दार नेहमीसारखं उघडं होतं. पोपट बाहेर आला, मांडवाच्या बांबूवर बसला, मान तिरकी करून त्याने खाली पाहिलं आणि दादाच्या डोक्यावरून उडत येऊन माझ्या खांद्यावर बसला.

भाऊच आला म्हणून आत्याने हंबरडा फोडला. "मन्हा भाऊ उना! मन्हा भाऊ उना वं माय!"

बायका रडू लागल्या. मागून एका काकांचा आवाज आला, "म्हनीसन कावया शिवना नही. जीव धाकलाजोडे व्हता."

माझे शाळेतले गुरुजी मांडवात होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वडिलांचा आशीर्वाद आहे, बाळा. तुझ्या शिक्षणाचं चीज झालं."

मी दादाकडे पाहिलं. तो पोपटाकडे बघत होता.

मी उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं, की ही टॉवेलची सवय आहे, दादानेच लावलेली, डाव्या खांद्यावर पांढरं दिसलं की तो बसतो. माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला होता. गुरुजी म्हणाले, "आज सायन्स नको रे." मग मी नको ते केलं. टॉवेल काढला तसा पोपट पुन्हा बांबूवर गेला; टोपी काढली, बाजूला झालो. दादाच्या डाव्या खांद्यावर टॉवेलची घडी नीट केली, दोनदा थाप मारली आणि म्हटलं, "आठे!"

पोपट उडाला. दादाच्या अंगावरून गेला आणि आबांच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर जाऊन बसला. दादाने स्वतः खांद्यावर थाप मारली. "आठे," तो म्हणाला, अगदी हळू. वहिनीने आतून मिरची आणून त्याच्या हातात दिली. एवढ्या लोकांसमोर तो मिरची धरून बसला होता. पोपट आला नाही.

"ऱ्हाऊ दे आते," कुणीतरी म्हणालं. मग पंगत बसली.

संध्याकाळी मी निघालो तेव्हा दादाने पिंजरा माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आणून ठेवला. मी नको म्हणालो. "आबानी तुले निवडं. लई जा." त्याच्या बोलण्यात राग असता तर मी भांडलो असतो. राग नव्हता.

नंदुरबारच्या फ्लॅटमध्ये पोपट महिनाभर राहिला. माझ्याच नव्हे, टॉवेल टाकलेल्या कुणाच्याही खांद्यावर बसायचा. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाच्यासुद्धा. शेजाऱ्यांनी एकदा बजावलं की आपल्याकडचा पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे, नोकरीवाल्या माणसाने जपून राहावं. पण त्यापेक्षा मला वेगळंच टोचत होतं. तो सगळ्यांवर बसतो, दादावर का नाही? आणि मग लक्षात आलं. तो लहान असल्यापासून दादाने त्याला एवढंच शिकवलं होतं, की हा एक माणूस सोडून. जितक्या वेळा तो प्रेमाने दादाकडे गेला, तितक्या वेळा खांदा खालून निघून गेला. आबांसाठी दादाने स्वतःची जागा त्या पाखराच्या मनातून पुसून टाकली होती.

हे त्याला सांगितलं की सगळं मिटेल, असं मला वाटलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पिंजरा घेऊन गावी गेलो. दादाने आबांच्या नावाची घागर पुजली होती, सांजोऱ्या-पुरणाचा नैवेद्य ठेवला होता. पूजा झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. मी सगळं नीट समजावून सांगितलं. खांदा खाली सोडणं, मिरची न देणं, सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माले माहीत शे," तो म्हणाला. "त्या दिवशीबी माहीत व्हतं. तेरावाना आधी मी रोज पहाटले टॉवेल टाकीसन बठू. एकदाबी उना नही."

"मग दादा, मनाला लावून का घेतोस? पोपट आहे तो. तूच शिकवलंस त्याला."



"पोपटले मी शिकाडं," तो म्हणाला. "आबाले कोनी शिकाडं व्हतं?"

माझ्यासाठी वर होणारा आबांचा डावा हात मला आठवला. वहिनीने जेवायला हाक मारली. दादा उठला, मला पाट मांडून दिला, वहिनीला आधी मला वाढायला सांगितलं. पाहुण्याला वाढतात तसं.