खुर्ची कोणाला हवी?

एका बँडमध्ये आयुष्य काढलं की किस्से बॅगेतल्या मोज्यांसारखे साठतात. एकाला एक जुळत नाही आणि टाकवतही नाहीत.

लग्न होऊन इंग्लंडात आले, तेव्हा तिथल्या भजनी मंडळाने मला काढलं. माझी टाळी कायम दोन ठोक्यांच्या मधे पडायची. घरी चिडून तशीच वाजवत बसले, तर शेजारचा ड्रमर डेरेक दारात.

"हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. म्हणून तर काढलं."

तो स्का वाजवायचा. जमैकाचं नाचरं संगीत, त्यात सगळी मजा त्या मधल्या ठोक्याचीच! आठवड्यात मी त्याच्या बँडची गायिका झाले.

* * *

पहिल्याच शोला दरवान माझी साडी बघून म्हणाला, "किचन मागे आहे." गेले. बशीभर चिप्स खाल्ले आणि तिथूनच स्टेजवर चढले. शो संपल्यावर तोच सही मागायला आला. मी लिहून दिलं, 'किचन मागे आहे.'

* * *

यंदा जपान दौरा. ओसाकाला स्टेजच्या मधोमध खुर्ची! आयोजक इशिदा-सान म्हणाले, "मालती-सान, तुमच्या वयाचा मान."

डेरेक कुजबुजला, "बस गं. नाहीतरी पुढच्या वर्षी नवी मुलगी घ्यायचं चाललंय."

म्हणजे मी टेकले की संपले. खुर्चीवर स्वेटर टाकला आणि शेवटपर्यंत उभी राहून नाचत गायले. गुडघ्यांना म्हटलं, तुमचं उद्या बघू.

* * *

त्सुकुबाला खुर्चीला हात फुटले, वर उशी आली. इशिदा-सान वाकून म्हणाले, "प्लीज." मी त्यांच्याहून खाली वाकले. ते आणखी वाकले. अहो, सासरी पाया पडण्यात माझी उमेदीची वर्षं गेलीत, मला काय हरवणार? शेवटी खुर्ची त्यांनीच उचलून नेली.

* * *

योकोहामाला चक्क सोफा.

पुढच्या रांगेत पाठीत वाकलेली, पांढऱ्या केसांची एक बाई बेभान नाचत होती. मी गाणं थांबवलं. "इशिदा-सान, हा सोफा त्यांना द्या."

दोन कामगारांनी तो खाली नेला. बाईंनी सोफ्याकडे पाहिलं, त्यावर आपली पर्स ठेवली आणि पुन्हा नाचायला लागल्या.

शो संपल्यावर इशिदा-सान त्यांना हाताला धरून घेऊन आले. मान खाली. "ही माझी आई."

आई जपानीत बरंच बोलल्या. इशिदा-सान सांगू लागले, "आई विचारते, पुढच्या वर्षी तुम्हीच येणार ना? आणि ड्रमर फार दमलेले दिसतात. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायची का?"

मी डेरेककडे पाहिलं. "आईंना सांगा, तो पहिल्या दिवसापासून बसूनच आहे."